सांगलीत बिऱ्हाड आणायचंय, घर कुठल्या भागात बघू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचं कुटुंब, विचारणाऱ्या गृहस्थांना कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागलीय, एप्रिलमध्ये हजर व्हायचंय, मिसेस घरनंच ऑनलाईन काम करतात, मुलगी सहावीत जाईल, मुलगा सिनियर केजीत, आणि सोबत सत्तरीच्या आई, त्यांना गुडघ्यांचा त्रास. भाडं 15 हजारापर्यंत परवडतं, दोनेक वर्षांत स्वतःचं घ्यायचा विचार आहे. विचारलंय की सांगलीत सगळ्यात चांगला एरिया कुठला, सगळे विश्रामबाग म्हणतात पण पुराची भीती वाटते, आणि त्यापेक्षा कंपनीजवळ कुपवाडलाच घेतलं तर सोयीचं पडेल का.

मी सांगलीत भाड्याची आणि विक्रीची घरं दाखवायचं काम करते, बरीच वर्षं झाली. बदलीवर येणारी बँकेची, कॉलेजची, हॉस्पिटलची माणसं माझ्याकडं जास्त येतात, म्हणजे ज्यांना गाव अजिबात माहीत नाही आणि पंधरा दिवसांत घर पाहिजे असतं. त्यामुळं तुमच्या प्रश्नातली घाई मला ओळखीची आहे.

आधी सरळ उत्तर देते मग कारणं सांगते. भाड्यानं विश्रामबाग, विजयनगर आणि तिथनं पुढं वानलेसवाडीपर्यंतचा मिरज रोडच्या आजूबाजूचा पट्टा बघा. विकत मात्र लगेच काही घेऊ नका, एक जुलै-ऑगस्ट इथं काढा, मग ठरवा.

आता "चांगला एरिया" याबद्दल. मुंबईकडनं येणारी माणसं पहिल्यांदा विचारतात की स्टेशनपासून किती लांब, कारण तिकडं सगळं आयुष्य त्या लोकलवर चालतं. इथं स्टेशनचा संबंध वर्षातनं चार वेळा गावाला जाताना येतो, तेही लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या मिरज जंक्शनवरनं पकडायच्या असतात. आणि ऑफिसला जायचा वेळ म्हणाल तर सांगली-मिरज-कुपवाड हे सगळं एवढं जवळजवळ आहे की तुम्ही कुठंही राहिलात तरी टू-व्हीलरवर अर्ध्या तासाच्या आत कंपनीत पोचता. डोंबिवलीहून ठाण्याला उभ्यानं जाणाऱ्या माणसाला हे खरं वाटत नाही पण तसंच आहे. म्हणजे घरातल्या ज्या माणसासाठी तुम्ही एरिया शोधताय त्याला खरं तर कुठलाही एरिया चालतो!

अडचण बाकीच्यांची आहे. तुम्ही सकाळी आठला बाहेर पडणार आणि संध्याकाळी येणार, मधल्या वेळात त्या घरात आई आहेत, वहिनी कॉम्प्युटरवर बसल्यात, मुलगा बाराला शाळेतनं येतोय. घर त्यांच्यासाठी निवडायचं असतं. मी लोकांना सांगते की तुमच्या घरात सगळ्यात कमी बाहेर पडणारं माणूस कोण ते बघा आणि त्याचा दिवस धरून घर शोधा, म्हणजे दुधाची पिशवी कुठनं येणार, औषधाचं दुकान चालत जाण्यासारखं आहे का, बोलायला कोण आहे, रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर रिक्षा मिळेल का. कमावत्या माणसाच्या सोयीनं घर घेतलेली कुटुंबं पहिलं अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट संपायच्या आत माझ्याकडं परत येतात, दुसरं घर बघा म्हणून, आणि बहुतेक वेळा हा फोन घरातल्या बाईंचा असतो.

हे झालं माणसांचं. पण सांगलीत त्याच्याही आधी पाणी बघायचं असतं, आणि तुम्ही बाहेरचे म्हणून जरा सविस्तर सांगते. इथं "पाणी येतं का" या एका प्रश्नाचे तीन अर्थ होतात, नदीचं पाणी, पावसाचं पाणी आणि नळाचं पाणी. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा त्रास देतात आणि घरमालक सोयीनं त्यातल्या एकाचंच उत्तर देतो.

पहिलं नदीचं. सांगलीची जमीन कलंडलेल्या ताटासारखी आहे असं धरा, कृष्णेकडची कड खाली आणि मिरज रोडनं पूर्वेकडं जाल तसतसं वर. जुनं गाव, म्हणजे गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, कापड पेठ, गणपती पेठ, हे नदीच्या बाजूला. विश्रामबाग, विजयनगर, वानलेसवाडी, कुपवाड हे वरच्या अंगाला. आमच्याकडं पूर मोजायची जागा म्हणजे 1929 चा आयर्विन पूल. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना "काय चाललंय" असं विचारत नाहीत, "आयर्विनला किती झालं" असं विचारतात. 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 फूट म्हणजे धोका पातळी. हे दोन आकडे पाठ करा. 2005 ला आणि 2021 ला पाणी 50 च्या पुढं गेलं, 2019 ला 57 च्याही पुढं गेलं, तेव्हा बाजारपेठेत, एसटी स्टँडच्या परिसरात होड्या चालल्या.

आणि असं नाही की 45 होईपर्यंत सगळे निवांत असतात. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडचा भाग, इथं धोक्याची पातळी यायच्या आधीच पाणी शिरायला लागतं, तिथली माणसं दर पावसाळ्यात बॅग भरून तयार असतात. मग आकडा चढेल तसं मारुती चौक, गावभाग असं पुढं सरकतं. कोयना धरणातनं किती पाणी सोडलं एवढंच बघून चालत नाही, कारण आमच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, त्याच्याही पुढं नरसोबावाडीला पंचगंगा, त्या दोघी भरून वाहत असल्या की इकडचं पाणी पुढं सरकत नाही आणि मागं फूग चढते. तेव्हा सांगलीत ऊन पडलेलं असतं आणि पाणी वाढत असतं. नवीन माणसाला हे कळत नाही, तो म्हणतो पाऊस तर थांबलाय की.

घर बघायला गेलात की पूर येऊन गेलाय का हे विचारायच्या आधी घराला विचारा. तळमजल्यावरची खोली असेल आणि भिंतीला खालनं पाच-सहा फुटांपर्यंत ऑईलपेंट आणि वर साधा डिस्टेंपर असेल तर थांबा, तो दिसायला बरा म्हणून दिलेला नसतो बऱ्याचदा. दाराच्या चौकटीचा खालचा भाग बोटानं दाबून बघा, फुगलेलं लाकूड रंगाखाली लपत नाही. लाईटचा मीटर बघा, जुन्या इमारतीत मीटर डोक्याच्याही वर नेऊन बसवला असेल तर तो कुणाला हौस म्हणून तिथं नेलेला नाही. एकदा गावभागाजवळच्या एका बोळात मी एका प्राध्यापक जोडप्याला घर दाखवत होते, घर नुकतंच रंगवलेलं, चकाचक, मालक म्हणाले इथं कधी पाणी आलं नाही. बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी नुसतं स्वयंपाकघरातल्या कट्ट्याखालचं कडाप्प्याचं कपाट उघडलं. आत रंगवायचं राहिलं होतं. भिंतीवर सरळ आडवी तपकिरी रेघ, पट्टीनं मारल्यासारखी, आणि कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ. तेव्हापासनं मी पण घर दाखवायला घ्यायच्या आधी ओट्याखाली वाकून बघते.

शेजाऱ्यांना विचाराल तेव्हा "इथं पूर येतो का" असं विचारू नका. त्याला लोक "छे छे" म्हणतात, आपल्या गल्लीची किंमत कोण कशाला कमी करेल. असं विचारा: "2019 ला तुम्ही कुठं होता?" याचं उत्तर सगळे खरं देतात, आणि नुसतं खरं नाही, चहा पाजून देतात. "आम्ही विश्रामबागला मेव्हण्याकडं होतो दहा दिवस" असं आलं की समजायचं. "आमच्याकडंच सगळे पाहुणे येऊन राहिले होते, वीस माणसांचा स्वयंपाक होता" असं आलं की भाग उंचावर आहे.

कागदोपत्री बघायचं तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा आहेत. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे, निळ्या आणि लालच्या मध्ये अटी आहेत. भाड्यानं राहणाऱ्याला हे एवढं लागत नाही, पण तुम्ही दोन वर्षांनी विकत घेणार म्हणताय तर महापालिकेतनं त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला काढून, जागा पूररेषेत आहे का ते बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. आणि एजंट "रेषेच्या बाहेर आहे" म्हणाला, मी जरी म्हणाले, तरी कागद मागा.

आता दुसरं, पावसाचं पाणी. यात बाहेरची माणसं फसतात कारण त्यांचं सगळं लक्ष नदीकडं असतं. शामरावनगरचं उदाहरण घ्या. तिथं मोठ्या पुराचं पाणी तर येतंच, पण नदी पात्रात असतानाही नुसत्या जोराच्या पावसानं त्या भागात पाणी तुंबून राहतं, कारण जमीन सखल, काळी माती, पाणी मुरत नाही, आणि वस्ती आधी झाली, गटारी-रस्ते मागनं यायला लागले. सांगलीत अशा गुंठेवारीच्या वसाहती खूप आहेत, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे विकले गेले, लोकांनी घरं बांधली, आणि नंतर सरकारनं 2001 ला गुंठेवारी नियमित करायचा कायदा आणला. तिथली घरं वाईट असतात असं अजिबात नाही, कष्टानं बांधलेली चांगली ऐसपैस घरं आहेत, अंगण, शेवग्याचं झाड, भाडंही कमी. पण मेन रोडपासनं आतला रस्ता जर मुरमाचा असेल तर जूनमध्ये तुमच्या मुलाची स्कूल रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबणार आणि तिथनं घरापर्यंत चिखल तुडवत यायचं, आणि गुडघे दुखणाऱ्या आई तर चार महिने घराबाहेर पडणार नाहीत. हे एप्रिलमध्ये घर बघताना दिसतच नाही, एप्रिलमध्ये सगळे रस्ते छान असतात. काळ्या मातीचा भाग असेल तर कंपाऊंडच्या भिंतीला तिरक्या भेगा असतात त्या बघा, आणि रस्त्यापेक्षा घराचं जोतं किती वर आहे ते बघा. दरवेळी डांबरीकरण करताना रस्ता थोडा थोडा वर येतो आणि जुनी घरं खाली जातात, तसलं घर असेल तर रस्त्याचं पाणी थेट पार्किंगमध्ये.

तिसरं नळाचं. यात फार सांगण्यासारखं नाही, फक्त घरमालकाला विचारा पाणी किती वाजता येतं, किती वेळ, प्रेशर कसं, टाकी जमिनीखाली आहे का, बोअर आहे का. आणि एक गोष्ट, महापालिकेचं पाणी कृष्णेतनंच उचललं जातं, त्यामुळं महापुरात गावात पाणीच पाणी आणि नळ कोरडा अशी वेळ उंचावरच्या भागांवरपण येते, 2019 ला आलीच होती. म्हणून विश्रामबागला राहायलात तरी बोअर असलेली बिल्डिंग बघा.

आता आईंकडं येऊ कारण तुमच्या घरातली खरी गाठ तिथं आहे. गुडघे दुखतात म्हटल्यावर तुम्ही तळमजला शोधणार, आणि मी एवढं सगळं पाण्याचं सांगितल्यावर तळमजल्याची भीती वाटणार. मिरज रोडच्या पट्ट्यात नदीची भीती धरून तळमजला नाकारायची गरज नाही, तिथं फक्त पावसाचं बघा. बंगल्याचा तळमजला मिळाला, मालक वर राहतात, पुढं थोडी बसायला जागा, तर आईंसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण बंद फ्लॅटमध्ये त्या टीव्हीसमोर बसून राहतील आणि अंगणात बसल्या की आठवड्यात निम्म्या गल्लीशी ओळख होते. दुपारी लसूण सोलत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाशी इथं कुणीही थांबून बोलतं. डोंबिवली सोडताना सगळ्यात जास्त तुटणार आहे ते आईंचं, तुमच्यापेक्षा. तुम्हाला कंपनीत माणसं मिळतील, पोरांना शाळेत मिळतील.

लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये घेतलंत तर लाईट गेल्यावर लिफ्ट चालते का, जनरेटर किंवा बॅटरी आहे का ते तिथल्या वॉचमनला विचारा, सेक्रेटरीला नको. आणि लिफ्टपर्यंत पोचायलाच चार पायऱ्या आहेत का तेही बघा, हा आपल्याकडं हमखास असणारा प्रकार, बिल्डिंगला लिफ्ट आहे पण पार्किंगमधनं लिफ्टपर्यंत अर्धा जिना चढायचा.

दवाखान्यांच्या बाबतीत मात्र तुम्ही नशीबवान. मिरजेत 1894 ला मिशन हॉस्पिटल सुरू झालं, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि सांगली ते मिरज रस्त्यावर आता एवढी हॉस्पिटलं झालीत की आजूबाजूच्या जिल्ह्यांतनं आणि कर्नाटकातनं लोक इथं येतात. हाडांचे डॉक्टर शोधायला तुम्हाला पुण्या-मुंबईला जायची गरज पडणार नाही. हेही एक कारण की मी तुम्हाला त्या रस्त्याच्या जवळ राहा म्हणते, तिथं वडाप म्हणजे शेअरच्या गाड्या, एसटीची सिटी बस, रिक्षा पहाटेपासनं रात्रीपर्यंत काही ना काही मिळतं, वहिनींना गाडी चालवता येत नसली तरी अडत नाही.

शाळेचं थोडक्यात. घर आधी आणि शाळा मग असं करू नका, उलटं करा. तुम्ही एप्रिलमध्ये येताय, चांगल्या शाळांचे केजीचे आणि पहिलीचे प्रवेश त्याच्या बरेच आधी होऊन जातात, सहावीला जागा निघते पण ती कुणाच्या तरी बदलीवर अवलंबून. त्यामुळं आत्ताच फोन लावा, एखादा शनिवार धरून येऊन जा, मुलीचं बोर्ड काय ठेवायचं ते नक्की करा. शाळेत जागा पक्की झाली की मग त्या शाळेची रिक्षा किंवा बस कुठल्या कुठल्या भागात फिरते ते शाळेच्या गेटवरच्या रिक्षावाल्या काकांना विचारा. कुठल्या गल्लीत पावसात रिक्षा जात नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तिकडच्या शाळेतनं दाखला काढताना आधार, जन्मदाखला, आणि नावाची स्पेलिंगं सगळी एकसारखी आहेत ना बघून घ्या, नाहीतर इथनं डोंबिवलीला परत हेलपाटा.

आता कुपवाडचं, कारण तुम्ही ते मुद्दाम विचारलंय. 1998 ला सांगली, मिरज, कुपवाड मिळून एक महापालिका झाली, कागदावर एकच शहर, पण राहायला तिन्ही वेगळी. कुपवाड उंचावर आहे, पुराचा विषय नाही, भाडं कमी, तुम्हाला कंपनी दहा मिनिटांवर. एकटं माणूस असेल, नवीन लग्न झालेलं जोडपं असेल, शिफ्टची नोकरी असेल, तर मी स्वतः कुपवाड सांगते. पण तुमच्या घरात शाळकरी पोरं आणि म्हातारी माणसं, त्यांचं शाळा, क्लास, दवाखाना, बागा, बाजार हे सगळं रेल्वेलाईनच्या अलीकडं, सांगली-विश्रामबागच्या बाजूला. म्हणजे तुमचा एकट्याचा फेरा वाचणार आणि बाकी सगळ्यांचा रोजचा वाढणार. शिफ्ट बदलती असेल, रात्रपाळी असेल तर मात्र हिशोब थोडा बदलतो, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

माधवनगर, बुधगाव बाजूला मोकळी हवा आहे, जागा मोठ्या, जुनी घरं छान. फक्त तिकडनं गावात यायला रेल्वेलाईन ओलांडायला लागते, आणि चिंतामणीनगरच्या रेल्वे पुलाचं काम निघालं तेव्हा त्या लोकांनी किती दिवस वळसे घातले ते त्यांनाच विचारा. एकाच पुलावर किंवा एकाच फाटकावर अवलंबून असलेला भाग घेताना हा विचार करायचा. पलीकडच्या सांगलीवाडीचंही तसंच, सुंदर गाव, पण नदीच्या त्या बाजूला.

मिरज मला स्वतःला आवडतं. तिथं माणूस लवकर रुळतो, बाजार स्वस्त, रेल्वे दाराशी, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीतनं दुपारी जाताना तारा जुळवल्याचा आवाज येतो. वहिनींना पुढं हॉस्पिटल लाईनमध्ये नोकरी करायची असेल तर मिरज धराच. कृष्णाघाटाकडचा भाग तेवढा सोडून.

आणि गावभाग, खणभाग. यांच्याबद्दल पूर पूर म्हणून मी एवढं लिहिलं पण खरी सांगली तिथंच आहे. गणपती मंदिर चालत, भाजी मंडई चालत, शेजार असा की दार उघडं टाकून बाहेर जावं. तिथली माणसं तीन-तीन महापूर बघून तिथंच राहतात ती काय वेडी आहेत म्हणून नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर घर असेल, गाडी वेळेत वर नेऊन लावायची सोय असेल, आणि आठ-दहा दिवस जाऊन राहायला उंचावरच्या भागात कुणी नातेवाईक असेल, तर तिथं राहणं म्हणजे सुख आहे. तुमचं इथं कुणी नाही आणि आईंना जिना चढवत नाही, म्हणून तुम्हाला नको म्हणते, एवढंच.

आता घर प्रत्यक्ष बघायला याल तेव्हा. लोक रविवारी दुपारी येतात, सगळी घरं एका दिवसात बघतात आणि संध्याकाळच्या गाडीनं जातात. रविवारी दुपारी सांगली झोपलेली असते, तेव्हा प्रत्येक भाग शांतच वाटतो. शनिवारी या, राहा, आणि पसंत पडलेल्या दोन घरांच्या गल्लीत एकदा सकाळी शाळेच्या वेळेला आणि एकदा रात्री नऊनंतर चक्कर मारा. शेजारी मंगल कार्यालय आहे का बघा, डीजे आणि वरातीपुढं वहिनींची ऑनलाईन मीटिंग टिकणार नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी बोला, सगळ्या बिल्डिंगचं त्याला माहीत असतं, कोण भांडखोर, कुठं पाणी कमी, कुठला फ्लॅट सारखा रिकामा होतोय. सारखा रिकामा होणारा फ्लॅट असेल तर कारण शोधल्याशिवाय घेऊ नका. इंटरनेटचं मालकाला विचारून उपयोग नाही, वरच्या किंवा बाजूच्या फ्लॅटवाल्यांना विचारा कुठल्या कंपनीचं फायबर आहे आणि पावसात किती वेळा बंद पडतं.

अॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं होतं आणि ते रजिस्टर करायचंच, नोटरीवर भागवू नका, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स नोंदवणं बंधनकारक आहे आणि ऑनलाईन घरी बसून होतं. भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला द्यायची असते, कंपनीला, शाळेला, गॅसला पण पत्त्याचा पुरावा म्हणून हेच नोंदवलेलं अॅग्रीमेंट चालतं. मेंटेनन्स भाड्यात धरलाय का वेगळा, पार्किंग नक्की कुठलं, डिपॉझिट सोडताना रंगाचे पैसे कापणार का, हे त्यात लिहून घ्या. आमचं कमिशन साधारण एका महिन्याचं भाडं असतं, तेही आधीच बोलून घ्या, माझ्यासारखीशी पण. आणि नकोसा विषय आहे पण सांगते, काही मालक "फक्त शाकाहारी" म्हणतात, काही जण आडनाव विचारून मग घर द्यायचं का ते ठरवतात. मला ते पटत नाही आणि मी तसली घरं हातात घेताना कुरकुर करते, पण तुम्ही घरात मासे करत असाल तर पहिल्या फोनवरच विचारून टाका, सामान उतरवल्यावर कटकट नको.

15 हजारात तुम्हाला या पट्ट्यात टू बीएचके मिळेल. नवी बिल्डिंग, लिफ्ट, कव्हर्ड पार्किंग आणि मेन रोडला लागून असं सगळं एकदम मागितलंत तर ओढाताण होईल, त्यातलं "नवी" सोडा. जुन्या बिल्डिंगच्या खोल्या मोठ्या असतात आणि तिथली माणसं एकमेकांना ओळखतात.

एवढं सगळं एकत्र करून तुमच्या घरासाठी म्हणाल तर असं: मिरज रोडपासनं चालत दहा मिनिटांच्या आतलं, बंगल्याचा तळमजला किंवा पायऱ्या न चढता लिफ्टपर्यंत जाता येईल असा फ्लॅट, आतपर्यंत डांबरी रस्ता, बोअर, आणि मुलीच्या शाळेच्या रिक्षाच्या रूटवर. भाग विश्रामबाग का विजयनगर का वानलेसवाडी हे शाळा ठरवेल.

विकत घ्यायचं पुढच्या वर्षी बघू. पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी आयर्विन 40 च्या वर गेल्याची बातमी आली की गाडी काढा आणि जिथं प्लॉट किंवा फ्लॅट मनात आहे तिथं जाऊन उभे राहा, पाणी कुठपर्यंत आलंय, कुठल्या नाल्यातनं मागं चढतंय हे डोळ्यांनी बघा. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये नेहमी हिवाळा असतो. गुंठेवारीतली जागा असेल तर नियमित केल्याचा दाखला, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा हे सगळं बँकेच्या वकिलाकडनं तपासून घ्या, बँक लोन द्यायला तयार नसेल तर ते का नाही हे नीट विचारा, तो फुकटचा सल्ला असतो.

दोन गोष्टी तेवढ्या कळवा, तुमची शिफ्ट जनरल आहे का फिरती, आणि मुलीला स्टेट बोर्डात ठेवणार का सीबीएसईत. आणि घर बघायला याल तेव्हा शक्य असेल तर आईंना सोबत आणा, प्रवास झेपणार नसेल तर निदान व्हिडिओ कॉलवर त्यांना जिना आणि बाथरूम दाखवा, हॉल नको.